वाचकांचे प्रश्न : एमक्यू-25 मधला एम, क्यू आणि पंचवीस

मागच्या अंकात विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या, आत वैमानिक नसलेल्या विमानांवर लेख आला होता. त्यात एमक्यू-25, एक्स-47बी, वायएफक्यू-42ए अशी नावं एकामागून एक येत गेली आणि ती ठेवतं कोण, कशी ठेवतात हे सांगायला जागाच उरली नाही. नंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी नेमकं तेच विचारलंय, त्यामुळे या वेळचं सगळं सदर या नावांनाच दिलंय.

प्रश्न : एमक्यू-25 हे नाव कोण देतं? बोइंग कंपनी, अमेरिकेचं नौदल की आणखी कुणी? आणि ती अक्षरं वाचायची कशी?

कंपनी तर नाहीच. कंपनी फार तर सुचवू शकते. अमेरिकेत सप्टेंबर 1962 पासून हवाई दल, नौदल आणि लष्कर तिघांना मिळून एकच पद्धत लागू आहे आणि तिची नोंदवही सगळ्या संरक्षण खात्याच्या वतीने हवाई दल सांभाळतं. म्हणजे विमान नौदलाचं असलं तरी नौदलाने आपल्याकडून रीतसर मागणी करायची, विमान कशासाठी आहे ते लिहून द्यायचं आणि मग त्या वहीतला पुढचा आकडा मिळायचा. एमक्यू-25 चं स्टिंगरे, असं जे बोलीतलं नाव असतं त्याचीही वेगळी मंजुरी लागते, पण ते नाव नसलं तरी काही अडत नाही, अक्षर-आकड्याशिवाय मात्र पान हलत नाही कारण बजेट, सुट्या भागांची यादी, देखभालीची पुस्तकं, वैमानिकांचं मॅन्युअल सगळं त्याच नावाखाली लागतं.

वाचायची युक्ती अशी की आधी डॅश शोधायचा आणि तिथून डावीकडे जायचं. डॅशला लागून असलेलं अक्षर साध्या विमानात मुख्य काम सांगतं, एफ म्हणजे लढाऊ, सी म्हणजे वाहतूक, पी म्हणजे सागरी टेहळणी. पण यंत्र साधं विमान नसेल, म्हणजे हेलिकॉप्टर असेल किंवा बिनवैमानिकाचं असेल, तर डॅशला लागून यंत्राचा प्रकार येतो, हेलिकॉप्टरला एच, बिनवैमानिकाला क्यू, आणि मुख्य काम त्याच्या डावीकडे सरकतं. म्हणून एमक्यू-25 मध्ये क्यू म्हणजे आत माणूस नाही आणि एम म्हणजे एकापेक्षा जास्त कामांसाठी. अजून डावीकडे गेलं की कधीकधी स्थिती सांगणारं अक्षर असतं, वाय म्हणजे प्रोटोटाइप, एक्स म्हणजे प्रायोगिक. डॅशच्या उजवीकडे आकडा, तो त्या मालिकेतला क्रमांक, आणि आकड्यानंतरचं अक्षर म्हणजे आवृत्ती, पहिली ए, मग बी, असं पुढे.

प्रश्न : स्टिंगरेचं काम हवेत इंधन भरण्याचं आहे असं तुम्हीच लिहिलंत. टँकरला तर के लागतं, केसी-135, केसी-46. मग याला केक्यू-25 का नाही?

हा प्रश्न आला तेव्हा फार बरं वाटलं, कारण या विमानाचा सगळा इतिहास इथेच आहे.

नौदलाला आधी टँकर नकोच होता. यूक्लास नावाचा कार्यक्रम चालू होता, त्यात विमानवाहू नौकेवरून उडून लांबवर टेहळणी करणारं आणि गरज पडली तर हल्ला करणारं विमान हवं होतं. टेहळणी जास्त की हल्ला जास्त यावर नौदल, संरक्षण खातं आणि अमेरिकन काँग्रेस यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली, कुणाला रडारला न दिसणारं आणि शत्रूच्या आत घुसणारं विमान हवं होतं तर कुणाला स्वस्तात जास्त वेळ हवेत राहणारं. शेवटी 2016 च्या सुरुवातीला तो कार्यक्रमच बदलला आणि टँकरचं काम पुढे आलं. त्याचं कारण अगदी व्यवहारातलं होतं. 1997 मध्ये केए-6डी हे जहाजावरचं खास टँकर विमान निवृत्त झालं, त्याच्यानंतर एस-3 वायकिंग ते काम करायचं, ते 2009 मध्ये गेलं, आणि मग सुपर हॉर्नेट लढाऊ विमानंच पंखाखाली इंधनाच्या टाक्या लावून एकमेकांना इंधन देऊ लागली. त्यांची 20 ते 30 टक्के उड्डाणं यातच जातात असं सांगितलं जातं. म्हणजे लढायला घेतलेल्या विमानाचं आयुष्य शेजारच्या विमानाची टाकी भरण्यात खर्ची पडतं. त्यावर उपाय म्हणून जहाजापासून 500 नॉटिकल मैलांवर सुमारे 14 ते 16 हजार पाउंड इंधन पोचवणारं बिनवैमानिकाचं विमान हवं असं ठरलं.

आता नावाकडे या. 2016 मध्ये या विमानासाठी आरएक्यू-25 असं नाव ऐकू येत होतं, आर म्हणजे टेहळणी, ए म्हणजे जमिनीवरचा हल्ला, क्यू म्हणजे बिनवैमानिकाचं. जुन्या यूक्लासची पूर्ण इच्छा त्या तीन अक्षरांत होती. कार्यक्रम बदलला तशी ती दोन अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी एकटं एम आलं, जुलै 2016 पर्यंत एमक्यू-25 आणि स्टिंगरे ही दोन्ही नावं पक्की झाली होती. मला हे फार बोलकं वाटतं, लोक भाषणांतून आणि बजेटच्या कागदांतून हेतू शोधत बसतात पण तो इथे डॅशच्या डावीकडे उघड लिहिलेला होता आणि हेतू बदलला त्याच वर्षी अक्षरं बदलली.

के का नाही त्याची दोन कारणं सांगता येतात. एक म्हणजे के हे अक्षर आजवर बहुतेक वेळा दुसऱ्या कामाच्या अक्षराला चिकटून आलंय, वाहतुकीच्या विमानाला टँकर केलं की केसी, हल्ल्याच्या विमानाला टँकर केलं की केए. मुळातच टँकर म्हणून जन्मलेलं बिनवैमानिकाचं विमान हा प्रकार पद्धतीने आधी पाहिलेलाच नव्हता. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे स्टिंगरेला टेहळणीचं दुय्यम काम पहिल्यापासून दिलेलं आहे. एकाहून जास्त कामं असतील तर एम लावायचं, हे नियमात सरळ बसतं. शिवाय एस-3 वायकिंग वर्षानुवर्षं इंधन देत राहिलं तरी ताफ्यातल्या विमानांचं नाव एस-3बी हेच राहिलं, केएस-3ए हे नाव एकाच प्रायोगिक टँकरपुरतं होतं. सुपर हॉर्नेटही टाक्या लावल्या म्हणून केएफ होत नाही. आज काय काम करतंय यापेक्षा कशासाठी बांधलंय याला वजन दिलं जातं.

प्रश्न : एम लागलं म्हणजे विमानावर क्षेपणास्त्रं असतात असं मी वाचलंय. प्रेडेटरचं तसंच झालं होतं ना?

प्रेडेटरचं तसंच झालं, म्हणूनच हा समज पसरला. ते आधी आरक्यू-1 होतं, टेहळणीचं, मग त्याला हेलफायर क्षेपणास्त्रं बसवली आणि 2002 मध्ये ते एमक्यू-1 झालं. पुढे एमक्यू-9 रीपर आलं, तेही शस्त्रं घेऊनच, त्यामुळे लोकांच्या डोक्यात एम म्हणजे शस्त्रं हे घट्ट बसलं.

पण नौदलाचंच एमक्यू-4सी ट्रायटन बघा. ते ग्लोबल हॉकचं सागरी भावंड, जमिनीवरच्या तळावरून उडून तासन्‌तास समुद्रावर नजर ठेवतं, त्याच्यावर एकही शस्त्र नाही तरी नावात एम आहे. हवाई दलाचं ग्लोबल हॉक मात्र आरक्यू-4. सुरुवातीला ट्रायटनलाही आरक्यू-4एन म्हणत होते, नंतर बदललं. तेव्हा एमचा अर्थ अनेक कामं एवढाच, त्यात शस्त्र असू शकतं किंवा नसूही शकतं. स्टिंगरेला पंखाखाली दोन ठिकाणी भार लटकवायची सोय आहे आणि डाव्या पंखाखाली इंधन देण्याचा पॉड लागतो. 2024 च्या एका प्रदर्शनात बोइंगने त्याच्या मॉडेलखाली जहाजविरोधी क्षेपणास्त्रं लावून दाखवली होती, पण ती कंपनीची कल्पना होती, नौदलाने मागितलेलं काम नव्हे. उद्या नौदलाने ते मागितलं तरी एम बदलावं लागणार नाही.

प्रश्न : एक्स-47बी जहाजावर उतरलं तेव्हा आम्ही ते टीव्हीवर पाहिलं होतं. ते तर पूर्ण बिनवैमानिकाचं होतं, मग त्याच्या नावात क्यू का नव्हता?

कारण ते एक्स मालिकेतलं होतं. ही मालिका सगळ्यात जुन्या आणि मानाच्या मालिकांपैकी, एक्स-1 पासून चालत आलेली, तिच्यात पंखांची विमानं, रॉकेटविमानं, बिनवैमानिकाची यंत्रं सगळी एकाच रांगेत येतात. एक्स-45 बोइंगचं, एक्स-47 नॉर्थ्रॉप ग्रुमनचं. छोटं एक्स-47ए फेब्रुवारी 2003 मध्ये उडालं. मोठं एक्स-47बी फेब्रुवारी 2011 मध्ये पहिल्यांदा उडालं, मग 14 मे 2013 ला जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या नौकेच्या कॅटापल्टवरून सुटलं आणि 10 जुलै 2013 ला त्याच नौकेवर हूकने तार पकडून उतरलं. एप्रिल 2015 मध्ये त्याने हवेत इंधन घेऊनही दाखवलं. अशी दोनच विमानं बांधली होती आणि हे जमतं का एवढंच दाखवून देणं हे त्यांचं काम होतं, ताफ्यात जायचंच नव्हतं, त्यामुळे एक्स हेच अक्षर बरोबर होतं.

पुढे मात्र गोंधळ झाला आणि तो मला खुपतो. क्रेटॉस कंपनीच्या वाल्कीरी या बिनवैमानिकाच्या विमानाला एक्सक्यू-58ए असं नाव मिळालं, ते मार्च 2019 मध्ये उडालं. क्यूच्या रांगेत तेव्हा 58 च्या जवळपासही कुणी पोचलं नव्हतं, उलट एक्सच्या रांगेत एक्स-56, एक्स-57 होऊन गेली होती, म्हणजे आकडा एक्सच्या रांगेतला घेतला आणि अक्षर क्यू जोडलं असाच त्याचा अर्थ लागतो. एक्सक्यू-67ए चंही तसंच दिसतं. आता पाच-दहा वर्षांनी कुणी क्यूची यादी करायला बसला तर त्याला मधली सगळी घरं रिकामी दिसणार आणि तो ती विमानं शोधत बसणार. एफ-35 च्या बाबतीत हेच आधी झालं होतं, एक्स-35 ने 2001 मध्ये स्पर्धा जिंकली आणि लढाऊ विमानांच्या रांगेत 24 हा पुढचा आकडा मोकळा असताना त्याला 35 च चिकटला, तो कायमचा.

प्रश्न : क्यूएफ-16 आणि वायएफक्यू-42 या दोन्हींत एफ आणि क्यू आहेत. दोन्ही बिनवैमानिकाची लढाऊ विमानंच ना? मग उलटसुलट का?

अजिबात एक नाहीत. अक्षरांची जागा इथे सगळं ठरवते.

क्यूएफ-16 मध्ये डॅशला लागून एफ आहे, म्हणजे यंत्र मुळात वैमानिक बसणारं एफ-16 लढाऊ विमान. त्याच्या डावीकडचा क्यू सांगतो की या जुन्या विमानात बदल करून त्याला रिमोटवर उडणारं लक्ष्य बनवलंय, त्यावर क्षेपणास्त्रं डागून सराव करायचा. सप्टेंबर 2013 मध्ये ते पहिल्यांदा आत माणूस न बसवता उडवलं. त्याच्या आधी क्यूएफ-4 फँटम हेच काम करायचे, नौदलाकडेही होते.

वायएफक्यू-42ए मध्ये डॅशला लागून क्यू आहे, म्हणजे यंत्राचा प्रकारच बिनवैमानिकाचा, त्याच्या डावीकडे एफ म्हणजे काम लढाऊ विमानाचं आणि सगळ्यात डावीकडे वाय म्हणजे प्रोटोटाइप. मार्च 2025 मध्ये अमेरिकन हवाई दलाने जनरल अॅटॉमिक्सच्या विमानाला वायएफक्यू-42ए आणि अँड्युरिलच्या विमानाला वायएफक्यू-44ए ही नावं जाहीर केली, बिनवैमानिकाच्या विमानाला लढाऊचं एफ मिळण्याची ती पहिलीच वेळ. जनरल अॅटॉमिक्सचं ऑगस्ट 2025 मध्ये उडालं आणि अँड्युरिलचं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी.

याचा नौदलाशी संबंध असा की वैमानिक असलेल्या विमानांच्या सोबतीने आणि जहाजावरून उडणारी अशीच विमानं नौदलालाही हवी आहेत. ती आली आणि त्यांचं मुख्य काम हवाई लढाई असं ठरलं तर एफक्यूचं घर आता उघडलेलं आहे. आणि जर त्यांच्यावर टेहळणी, जॅमिंग, हल्ला असं सगळंच थोडं थोडं लादलं तर परत एमक्यू. नाव आलं की आधी ते अक्षर बघा, बातमी नंतर वाचा.

प्रश्न : 25 हा आकडा मुद्दाम निवडलाय का? आधीची चोवीस कोणती?

मुद्दाम नाही, रांगेत आला. प्रेडेटर 1, पायोनियर 2, डार्कस्टार 3, ग्लोबल हॉक 4, हंटर 5, पुढे शॅडो 7, फायर स्काउट 8, रीपर 9, हातातून फेकायचं रेव्हन 11, प्यूमा 20, ब्लॅकजॅक 21, आणि स्टिंगरेच्या अगदी आधी के-मॅक्स हे माल वाहणारं बिनवैमानिकाचं हेलिकॉप्टर, सीक्यू-24. मग 25. हाताने फेकायचं खेळण्याएवढं विमान आणि जहाजाच्या कॅटापल्टवरून सुटणारं जेट एकाच रांगेत उभं असतं, आकडा मोठा म्हणून विमान मोठं असं काही नाही.

या रांगेत जहाजांचा भाग बऱ्यापैकी आहे हे मात्र लक्षात येईल. पायोनियर 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या जुन्या बॅटलशिपवरून उडत होतं, तोफांचे गोळे कुठे पडतात ते बघायला, आणि फैलाका बेटावरचे इराकी सैनिक त्या विमानाला बघून शरण आले होते. फायर स्काउट हे हेलिकॉप्टर लहान युद्धनौकांवरून उडायचं, ते आधी आरक्यू-8 होतं, नंतर एमक्यू-8 झालं. त्याच्या नावात हेलिकॉप्टरचा एच नाही हेही बघून ठेवा, यंत्राच्या प्रकाराला जागा एकच आणि ती क्यूने घेतली.

प्रश्न : 1962 च्या आधी अशी विमानं नव्हतीच का? असली तर त्यांना काय म्हणायचे?

होती आणि ती आजच्या लोकांना फारशी माहीत नाहीत याचं वाईट वाटतं.

नौदलाची जुनी पद्धत वेगळी होती. आधी कामाचं अक्षर, मग त्या कंपनीचं त्या कामाचं कितवं विमान तो आकडा, मग कंपनीचं अक्षर. एफ6एफ हेलकॅट म्हणजे ग्रुमनचं सहावं लढाऊ विमान, शेवटचा एफ म्हणजे ग्रुमन. कंपनीचं अक्षर नावाच्या आद्याक्षराशी जुळेलच असं नव्हतं, मॅकडॉनेलला एच, इंटरस्टेट कंपनीला आर.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाने टीडीएन आणि टीडीआर ही दोन बिनवैमानिकाची हल्ल्याची विमानं बनवली. टीडी म्हणजे टॉर्पिडो आणि ड्रोन, एन म्हणजे नौदलाचा स्वतःचा कारखाना, आर म्हणजे इंटरस्टेट. टीडीएन ची चाचणी 1943 मध्ये सेबल या नौकेच्या डेकवरून झाली होती, ही सेबल म्हणजे ग्रेट लेक्समधली कोळशावर चालणारी, बाजूला चाकं असलेली प्रवासी बोट, तिच्यावर डेक ठोकून प्रशिक्षणाची विमानवाहू नौका केली होती. टीडीआर 1944 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सॉलोमन बेटांच्या भागात खऱ्या लढाईत वापरलं, जमिनीवरच्या तळावरून, त्याच्या नाकात टीव्ही कॅमेरा आणि मागून येणाऱ्या अॅव्हेंजर विमानात बसलेला माणूस ते पडद्यावर बघून चालवायचा. 1944 मध्ये! आणि त्याच वेळी टीडीडी नावाचं एक छोटं विमान नौदलाकडे होतं, त्यातलं टीडी मात्र टार्गेट ड्रोन, तोफखान्याच्या सरावासाठीचं. एकच दोन अक्षरं, एकीकडे हल्ला करणारं विमान आणि दुसरीकडे ज्यावर हल्ला करायचा ते. अशी नावं शेजारी शेजारी ठेवून पुरवठ्याचं काम करणाऱ्यांचे काय हाल होत असतील.

कोरियाच्या युद्धात तर थेट विमानवाहू नौकेवरून बिनवैमानिकाची विमानं सोडली होती. ऑगस्ट 1952 च्या शेवटी बॉक्सर नौकेवरून एफ6एफ-5के विमानं स्फोटकं भरून उत्तर कोरियातल्या पुलांवर आणि बोगद्यांवर पाठवली, स्कायरेडर विमानातून त्यांना दिशा देत. हेलकॅटचंच बदललेलं रूप ते, आणि शेवटचा के म्हणजे ड्रोन बनवलेलं. आज के म्हणजे टँकर. त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना आधी साल बघायचं, मग अक्षर. 1962 मध्ये सगळं एकत्र केलं तेव्हा हे जुने के क्यू झाले, एफ9एफ-6के चं क्यूएफ-9एफ झालं. विनाशिकांवरून उडणारं गायरोडाइनचं बिनवैमानिकाचं हेलिकॉप्टर डीएसएन होतं, ते क्यूएच-50 झालं.

आणि हे एकत्रीकरण हवंच होतं. फँटम हे एकच विमान नौदलाच्या वहीत एफ4एच आणि हवाई दलाच्या वहीत एफ-110 असं होतं, दोघांचं मिळून एफ-4 झालं तेव्हा कुठे दोन्ही दलांचे लोक एकाच विमानाबद्दल बोलताहेत हे कागदावर दिसायला लागलं.

प्रश्न : स्टिंगरेच्या स्क्वाड्रनला व्हीयूक्यू-10 म्हणतात. त्यातला क्यू हाच का?

विमानाच्या नावातला क्यू आणि स्क्वाड्रनच्या नावातला क्यू यांची वंशावळ वेगळी आहे. स्क्वाड्रनच्या नावांची पद्धत नौदलाची स्वतःची, तिच्यात व्ही म्हणजे हवेपेक्षा जड विमानांची तुकडी, हे 1920 च्या दशकापासून चालत आलंय, तेव्हा हवेपेक्षा हलक्या फुगेविमानांना झेड होतं. व्हीक्यू या नावाच्या स्क्वाड्रन नौदलात खूप आधीपासून आहेत, आत भरपूर माणसं बसलेल्या विमानांच्या, त्यातल्या इलेक्ट्रॉनिक टेहळणीच्या 2025 पर्यंत होत्या आणि दळणवळणाच्या अजून आहेत. म्हणजे तिथे क्यू असूनही विमान माणसांनी भरलेलं. व्हीयूक्यू मधला यू मात्र बिनवैमानिकाचा, तसंच ट्रायटनच्या व्हीयूपी-19 मध्येही यू आहे, पी म्हणजे गस्त.

व्हीयूक्यू-10 ऑक्टोबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू इथे स्थापन झाली. तिची विमानं चालवणाऱ्यांसाठी नौदलाने एअर व्हेइकल पायलट असा वॉरंट ऑफिसरचा नवीन पेशा काढला, त्यांना आधी जेट वैमानिक असायची अट नाही. विमानाला क्यू म्हटलं तरी ते उडवणाऱ्याला नौदल पायलटच म्हणतं, आणि मला ते योग्य वाटतं, डेकवर शेकडो माणसं आणि जेट विमानं असताना जबाबदारी कुणाची ते नावातच स्पष्ट असलेलं बरं.

प्रश्न : बाकीच्या देशांतही अशीच पद्धत आहे का?

एवढी घट्ट नाही. ब्रिटनची पद्धत जुनी आणि सुटसुटीत, आधी नाव, मग कामाची अक्षरं, मग मार्क. त्यांच्या बिनवैमानिकाच्या प्रोटेक्टर आरजी मार्क 1 मध्ये आर टेहळणी, जी जमिनीवरचा हल्ला. बिनवैमानिकासाठी वेगळं अक्षर त्यात नाही. तुर्कस्तानचं बिनवैमानिकाचं टीबी3, जे नोव्हेंबर 2024 मध्ये अनादोलू नौकेवरून उडून तिच्यावरच उतरलं, ते नाव बायकार कंपनीचं. चीनमध्ये जीजे म्हणजे हल्ला, डब्ल्यूझेड म्हणजे बिनवैमानिकाची टेहळणी, जीजे-11 ऑक्टोबर 2019 च्या संचलनात दाखवलं होतं. ऑस्ट्रेलियाने मात्र वेगळंच केलं, तिथे बांधलेल्या घोस्ट बॅट या बिनवैमानिकाच्या विमानाला 2022 मध्ये अमेरिकन रांगेतला आकडा मिळाला, एमक्यू-28ए. दोन्ही देशांची दलं एकत्र काम करतात तेव्हा हे सोयीचं पडतं.

प्रश्न : लिहिताना एमक्यू-25 लिहायचं की एमक्यू-25ए? आणि टी1 म्हणजे काय, ती आवृत्ती आहे का?

सगळ्या प्रकाराबद्दल लिहिताना एमक्यू-25 पुरतं, नौदल जे विमान ताफ्यात घेणार आहे त्याबद्दल नेमकं लिहायचं तर एमक्यू-25ए. पुढे मोठा बदल झाला, म्हणजे इंजिन, सेन्सर, काम यातलं काही ठळक बदललं, तर बी येईल.

टी1 ही आवृत्ती नाही. ते बोइंगच्या मालकीचं चाचणीचं विमान, यूक्लासच्या काळातच बांधून ठेवलेलं. ऑगस्ट 2018 मध्ये नौदलाने बोइंगला 80.5 कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, पहिल्या चार विमानांसाठी, आणि ती तयार होईपर्यंत शिकून घ्यायचं काम टी1 ने केलं. ते सप्टेंबर 2019 मध्ये इलिनॉयमधल्या मिडअमेरिका विमानतळावरून उडालं, 4 जून 2021 ला त्याने सुपर हॉर्नेटला हवेत इंधन दिलं, बिनवैमानिकाच्या विमानाने वैमानिक असलेल्या विमानाला इंधन दिल्याची ती पहिली वेळ, आणि त्याच वर्षी ई-2डी आणि एफ-35सी या विमानांनाही दिलं. डिसेंबर 2021 मध्ये ते बुश नौकेच्या डेकवर फिरवून पाहिलं. या सगळ्या बातम्यांत एमक्यू-25 असंच छापून आलं आणि ते चूक नाही, पण पुढच्या अंकापासून आपण त्या विमानाला टी1 आणि नौदलाच्या विमानांना एमक्यू-25ए असंच छापणार आहोत.